दादाकडचं हवामान

डिसेंबरचा दुसरा शनिवार, सकाळचे साडेआठ. आकडा चौदा इंच. हजर तिघं: आई, बाबा आणि मी. सिंगापूरमधल्या पासिर रिसच्या आमच्या फ्लॅटमधल्या हॉलमध्ये कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीवर मी बसले होते. आई माझ्या मागे, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती आणि बाबा जेवणाच्या टेबलाशी चहा घेत होते. सोमवारी रात्री आईचं अमेरिकेचं विमान होतं. बॅग भरून दाराशी ठेवलेली होती, वजन बावीस किलो सहाशे ग्रॅम. ते मीच केलं होतं.

त्या शनिवारी मी जे केलं ते लिहून काढायचं बरीच वर्षं मनात होतं. मी आज लोकांचे हिशेब तपासून पोट भरते, आणि कागदावर प्रत्येक आकडा खरा असूनही कागद खोटा कसा असू शकतो हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. ते मी सोळाव्या वर्षी घरीच करून बसले होते.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. नाव सुमेध. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तो मास्टर्स करायला अमेरिकेत गेला, एरी सरोवराच्या काठच्या एका शहरात. आईच्या डोळ्यांपुढे सरोवर म्हणजे नागपूरचा फुटाळा तलाव, फार तर दहा फुटाळे. ते सरोवर लांबीला जवळजवळ चारशे किलोमीटर आहे, म्हणजे सिंगापूरच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलं तर त्याच्या आठपट, हे मी तिला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मग गारठा लागत असेल गं त्याला." ऑक्टोबर संपता संपता तिकडे थंडी सुरू झाली, आणि आमच्या घरात एक नवीन दिनक्रम सुरू झाला. सकाळी आई उठली की चहाचं आधण ठेवायची आणि मला हाक मारायची, "प्रज्ञा, बघ गं, दादाकडे किती?"

आई नागपूरला मराठी शाळेत शिकवायची. इंग्रजी ती वाचायची, पण तिकडच्या हवामानाच्या पानापुढे तिचं काही चालेना. तपमान फॅरनहाइटमध्ये, बर्फ इंचात, वारा मैलात, आणि खाली सगळं गिचमिड अक्षरात लिहिलेलं. घरात आकड्यांचं काम माझ्याकडे असे, त्यामुळे हेही आलं. मी बत्तीस वजा करायची, पाचाने गुणायची, नवाने भागायची आणि सांगायची, "उणे सात." बाबा जुरोंग आयलंडला एका केमिकल प्लांटवर इंजिनिअर होते. पहाटे कंपनीची बस पकडण्याआधी तेही एकदा विचारून जायचे. मग आई दिवसभर तो आकडा घरात वागवायची. डाळीला फोडणी देताना म्हणायची, "उणे सात म्हणजे फ्रीजरइतकं का गं?" मी म्हणायची, "फ्रीजर उणे अठरा असतो." तिला तेवढाच धीर यायचा. फोडणीचा वास, वर पंखा, खिडकीतून येणारा दमट वारा, खाली मुलांच्या खेळण्याचा आवाज, आणि या सगळ्यात आमच्या घरात वातावरण मात्र अमेरिकेचं.

सरोवरामुळे पडणाऱ्या बर्फाची गोष्ट तिला मीच समजावली. पाणी उन्हाळ्यात तापतं आणि लवकर निवत नाही. वरून उत्तरेचा गार कोरडा वारा आला की तो त्या कोमट पाण्यावरून जाताना वाफ उचलतो आणि काठाला लागला की ती सगळी बर्फ करून टाकतो. मी राइस कुकरचं झाकण उघडून वर गार ताटली धरून दाखवली. त्यातली मला सगळ्यात विलक्षण वाटलेली गोष्ट म्हणजे हा बर्फ पट्ट्यात पडतो. वारा ज्या दिशेचा, तेवढ्याच पट्ट्यात. एका वस्तीत दोन-दोन फूट पडतो आणि दहा मैलांवर लोक ऊन खात असतात. आई म्हणाली, "म्हणजे ज्याच्या नशिबात त्याच्या." मला तेव्हा स्पष्ट वाटलं होतं की आमच्या घरातला पट्टा दादावर आहे. सगळं त्याच्यावर पडतंय आणि मी दहा मैलांवर कोरडी उभी आहे.

हे मी मोठेपणी सुचलेलं म्हणून लिहीत नाही. तेव्हा मी ते मोजलं होतं. एका आठवड्यात आईने दादाबद्दल किती वेळा विचारलं आणि माझ्याबद्दल किती वेळा, याच्या मी वहीच्या शेवटच्या पानावर रेघा मारल्या. दादाच्या एकेचाळीस झाल्या. माझ्या सहा, त्यातल्या चार 'जेवलीस का' च्या. त्याच महिन्यात, नोव्हेंबरमध्ये, माझी शाळेची शेवटची परीक्षा होती. ज्या दिवशी गणिताचा पेपर होता त्या दिवशी तिकडे पहिला मोठा बर्फ पडला. संध्याकाळी मी घरी आले तर आई फोनवर त्याला विचारत होती की बुटात पाणी जातं का. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "अगं, घोट्याच्या वर बर्फ आहे तिथे." पेपर कसा गेला हे मी आपणहून सांगितलं नाही. तिने रात्री जेवताना विचारलं, आणि मी म्हटलं, "बरा." तो मला चांगला गेला होता.

मग आईचं जाणं ठरलं. दादाला चार आठवडे सुट्टी होती आणि एवढ्या सुट्टीत तो एकटा काय करेल, हा प्रश्न बाबांनाही पडला होता. आई डिसेंबरच्या मध्यावर जाणार आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात परतणार. माझा निकाल त्यानंतर होता, म्हणजे निकालाला ती घरी असणारच होती. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे मी मनाशी बरीच कारणं तयार केली, त्यात निकालाचंही एक होतं, आणि ते खोटं आहे. मला काही अडचण होणार नव्हती. मला फक्त ती त्याच्याकडे जायला नको होती.

तयारीचे पंधरा दिवस मला फार कठीण गेले. डिंकाचे लाडू झाले, जवसाची चटणी झाली, मेथी वाळवायला ठेवली ती सिंगापूरच्या हवेत वाळेना म्हणून पंख्याखाली चार दिवस पसरली गेली आणि आम्ही चार दिवस घामाने भिजत बसलो. लाडवांतला एक मी मागितला तेव्हा आई म्हणाली, "मोजून भरलेत गं. तुला नंतर करते." लिटल इंडियातून तिने थर्मलचे कपडे आणले आणि ते अंगावर कसे बसतात ते बघायला एकतीस डिग्रीत घालून, वर बाबांचा जुना कोट चढवून हॉलमध्ये फिरली. बाबा हसून हसून खोकायला लागले. म्हणाले, "अगं, तिथं पोचायच्या आधी इथंच वितळशील." ती आरशापुढे उभी राहून विचारत होती, "सुमेध ओळखेल ना?" मीही हसले होते. फोटोही मीच काढला.

तर त्या शनिवारी सकाळी पानावर असं होतं. सरोवरावरून बर्फ रविवार रात्रीपर्यंत, शहराच्या दक्षिणेकडे चौदा इंचांपर्यंत. दादा दक्षिणेकडेच राहायचा. रविवारी तपमान एकोणीस, म्हणजे उणे सात. त्याच्या खाली दुसरा परिच्छेद होता. सोमवारपासून वारा बदलून हळूहळू ऊब: सोमवारी अठ्ठावीस, मंगळवारी छत्तीस, बुधवारी त्रेचाळीस. म्हणजे उणे दोन, अधिक दोन, अधिक सहा. आई मंगळवारी तिथे उतरणार होती. अगदी मोजून तिच्यासाठी रस्ता साफ करून ठेवल्यासारखं हवामान होतं.

मी पहिला परिच्छेद मोठ्याने वाचला. प्रत्येक आकडा बरोबर सांगितला. चौदा इंच ऐकून आईने शिवणाची टेप आणली आणि स्वतःच्या पायाला लावली. गुडघ्याशी आली. ती टेप तशीच धरून म्हणाली, "आणि पुढे गं?"

मी पान असं सरकवलं की दुसरा परिच्छेद दिसेनासा झाला. म्हटलं, "पुढे असंच आहे."

"किती दिवस असंच?" बाबांनी टेबलावरून विचारलं.

"आठवडाभर तरी."

बाबांनी तपासलं नाही. मी सांगितलेला आकडा त्या घरात कुणीच तपासत नसे. विमानं रद्द होतात, माणसं एअरपोर्टवर दोन-दोन दिवस अडकतात, हे त्यांनी प्लांटवरच्या कुणाकडून तरी ऐकलं होतं. आईने एकटीने एवढा लांबचा प्रवास कधी केला नव्हता. मधे एका ठिकाणी विमान बदलायचं होतं, त्याची तिला आधीच धास्ती होती. बाबांनी तिकीट एजंटला फोन लावला. तो गुजराती गृहस्थ होता, हिंदीत बोलायचा. फोनवर हात ठेवून बाबा म्हणाले, "नाताळच्या गर्दीमुळे आता जागाच नाहीत. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात मिळेल. मग परत यायला फेब्रुवारी उजाडेल. काय करायचं?"

फेब्रुवारी. म्हणजे माझ्या निकालाला ती नसणार. मला ते तेव्हाच कळलं, बाबांचा हात अजून फोनवर होता तेव्हाच. खालचा परिच्छेद स्क्रीनवर परत आणायला बोटाची एक हालचाल पुरली असती. मी बोट हलवलं नाही. मला वाटलं, निदान डिसेंबर तरी माझा. आई माझ्याकडे बघत म्हणाली, "प्रज्ञा, तुझा निकाल गं." मी म्हटलं, "चालेल." तारीख बदलली. दंड एकशेवीस डॉलर. आई दोन मुलांची हिंदीची शिकवणी घ्यायची, त्यातून तिने हा प्रवास जमवला होता. दंडही त्यातूनच गेला.

खोटं एकदा सांगून भागत नाही, त्याची निगा राखावी लागते, हे मला त्या आठवड्यात समजलं. सोमवार ते गुरुवार मी रोज दहा अंश कापून सांगितले. गुरुवारी सकाळी आई खाली बाजारात गेली असताना दादाचा फोन आला. म्हणाला, "इथे सगळं वितळलं गं. रस्त्यावर पाणीच पाणी. पोरं टी-शर्टवर फिरतायत. आई कुठेय?" मी म्हटलं, "आंघोळीला गेलीय." तो जरा थांबला. "बरं," म्हणाला. रविवारी आई त्याच्याशी फोनवर बोलली तेव्हा ती म्हणाली, "फार बर्फ आहे ना रे?" आणि त्याचं उत्तर मला बाजूला उभी राहून ऐकू आलं. फक्त "हं". मला वाटलं, वाचले. त्याने उलट का सांगितलं नाही, हा प्रश्न मला पडायला हवा होता. जळणाऱ्या माणसाला दुसऱ्याबद्दल प्रश्न पडत नाहीत.

आमच्या घरी रविवारी सकाळी वंदना असे. मूर्तीपुढे मेणबत्ती आणि उदबत्ती लावून आम्ही तिघं चटईवर बसायचो, आधी त्रिशरण, मग पंचशील. आई पुढे म्हणायची, आम्ही मागून. चौथं शील खोटं न बोलण्याचं. त्या पहिल्या रविवारी, म्हणजे खोटं बोलल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ती ओळ आली आणि माझ्या तोंडून निघेना. मी भाविक वगैरे नव्हते. पण जे मोडलेलं आहे ते पाळते असं वर तोंड करून म्हणायचं, म्हणजे खोट्यात आणखी एक जमा करायचं, असा माझा हिशेब होता. तेवढी ओळ गप्प बसावं, म्हणजे निदान तिथे तरी मी खरी. पुढच्या रविवारीही मी तेच केलं. त्याच्या पुढच्याही.

तिसऱ्या रविवारी वंदना झाल्यावर बाबा पेपर आणायला खाली गेले. आई पोह्यांसाठी कांदा चिरत होती. मी पोह्यांवर घ्यायच्या चण्याच्या तर्रीखालचा गॅस बारीक करत होते. तिने मान वर न करता म्हटलं, "चौथ्याला दोनच आवाज येतात."

"म्हणजे?"

"माझा आणि बाबांचा. तीन रविवार झाले." तिने कांदा बाजूला केला. "काय बोललीस खोटं? शाळेतलं आहे का?"

"नाही."

"पोरगा वगैरे?"

"नाही गं आई."

"मग?"

मी म्हटलं, "दादाकडचं." तिला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. तिने सुरी खाली ठेवली आणि विचारलं, "मी उतरले असते त्या दिवशी किती होतं?"

"अधिक दोन. दुसऱ्या दिवशी सहा."

"बर्फ?"

"वितळत होता."

तर्री उकळून काठाशी आली तेव्हा तिने हात लांब करून गॅस बंद केला. "का गं?"

मला खूप बोलायचं होतं. एकेचाळीस रेघांचं, गणिताच्या पेपरचं, लाडवाचं. तोंडून आलं ते एवढंच: "तू रोज त्याचंच विचारतेस."

"तू समोर असतेस," आई म्हणाली. "समोर असलेल्याचं काय विचारायचं?" तिला हे खरोखर कळत नव्हतं. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती पुढे म्हणाली, "बाबांना मी सांगेन. सुमेधला मी सांगणार नाही, ते तू सांगायचं. आणि ते फॅरनहाइट मला शिकव. आजच."

त्या दुपारी मी तिला शिकवलं. बत्तीस, पाच, नऊ हे तिला कटकटीचं वाटलं. तीस वजा करून निम्मं करायचं, हे जमलं. त्यात एक-दोन अंश इकडेतिकडे होतात, मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "तेवढं चालतं." दुसऱ्या दिवसापासून सकाळची हाक बंद झाली. ती चष्मा लावून स्वतः कॉम्प्युटरपुढे बसायची, बोटाने एकेक ओळ धरायची, ओठ हलवत निम्मं करायची. मी अंथरुणात पडल्या पडल्या ते ऐकत असे. दादाला मिळत होतं त्यातलं थोडं मला हवं होतं. उलट माझ्या वाट्याचं होतं तेही गेलं होतं. सकाळची ती पाच मिनिटं, तिचा खुर्चीच्या पाठीवरचा हात, ते माझं होतं हे मला ते गेल्यावर समजलं.

आता सिंगापूरच्याच पुंगोल भागातल्या माझ्या घरात आई वर्षातले सहा महिने असते. तिच्या फोनवर पहिलं हवामान अजून तिकडचंच आहे. माझी मुलगी तिच्या खांद्यावरून डोकावते आणि म्हणते, "आजी, देअर स्नोइंग अगेन आह? सो शिओक लाह." शिओक म्हणजे इथल्या बोलीत मस्त. आई तिला तीस वजा करून निम्मं करायला शिकवते आहे. मी शेजारच्या खोलीतून ऐकते. मला बेचाळिसावं चालू आहे आणि तरीही दर वेळी आत काहीतरी टोचतं. ते गेलेलं नाही, हे नोंदवून ठेवते.

जानेवारीत आई गेली. चांगी विमानतळावर सोडायला बाबा आणि मी गेलो. बाबांनी मला परतीच्या एमआरटी ट्रेनमध्ये एवढंच विचारलं, "सुमेधला सांगितलंस?" मी म्हटलं, "नाही अजून." ते म्हणाले, "हं." निकालाच्या दिवशी प्लांटवर वार्षिक दुरुस्तीचं शटडाउन चालू होतं, त्यांना निघता येईना. शाळेच्या हॉलमध्ये आयाबाया आल्या होत्या. माझी गुणपत्रिका मी एकटीने घेतली. सहा विषयांचे मिळून आठ गुण. इथे जितके कमी तितके चांगले, सहाच्या खाली कुणाला जाताच येत नाही. मग मी कॅन्टीनजवळच्या पब्लिक फोनवर गेले आणि कॉलिंग कार्डावरचे आकडे दाबले. दुपारचे दोन, म्हणजे तिकडे रात्रीचा एक. पहिल्याच रिंगला दादाने उचलला.

"सांग," तो म्हणाला.

"आठ."

"आठ? एकूण?" तो माझ्यासाठी जागा होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. "आई आत्ताच लवंडली गं. अकरापासून बसली होती फोनपाशी. उठवू?"

हो म्हणायला हवं होतं. महिनाभर मी त्याच एका गोष्टीसाठी तळमळत होते. पण आधी एक देणं फेडायचं राहिलेलं होतं. मी म्हटलं, "थांब. तुला एक सांगायचंय," आणि चौदा इंचांपासून सगळं सांगितलं. दुसऱ्या परिच्छेदातले तिन्ही आकडे सांगितले. आंघोळीचंही.

कार्डाची मिनिटं जात होती. मग दादा म्हणाला, "मला ते आकडे माहीत होते. मी खिडकीतून बघत होतो ना. मला वाटलं, बर्फ हे निमित्त आहे. तिलाच यायचं नसेल."

"असं कसं वाटलं तुला?"

"तू आहेस ना तिथे," तो म्हणाला. "तिला तुला सोडवत नसेल, असं वाटलं. सगळी सुट्टी मी तुझ्या नावाने बोटं मोडली. आणि तू तिकडे बसून दहा अंश कापत होतीस. हलकट." मग तो हसला, पण लगेच नाही, आणि मनापासून हसला असंही म्हणता येणार नाही. "उठवतो तिला," म्हणाला, आणि फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला. आई येईपर्यंत कार्डात दोन मिनिटं उरली होती. ती तिने पूर्ण माझ्यावर खर्च केली.

फेब्रुवारीत ती परत आली. मला ज्युनिअर कॉलेजच्या आधी शेजारच्या ब्लॉकमधल्या एका मुलीची गणिताची शिकवणी मिळाली होती. मार्चच्या पहिल्या रविवारी वंदना झाल्यावर मी आईपुढे दहा डॉलरची नोट ठेवली. म्हटलं, दंडाचे, दर महिन्याला दहा. ती राहू दे म्हणाली नाही. तिने नोट घेतली, उलटसुलट करून पाहिली, घडी घातली आणि मग काही वेळ माझ्याकडे बघितलं. तेवढा वेळ ती आणखी कुणाचाच विचार करत नव्हती, ते मला तिच्या तोंडावर दिसलं. बारा महिने असंच झालं. तेराव्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी पुन्हा दहाची नोट पुढे केली.

"एकशेवीस झाले ना गं?" आई म्हणाली.

"हो."

तिने दर महिन्यासारखंच काही वेळ माझ्याकडे पाहिलं आणि नोट ठेवून घेतली. एकूण दिले एकशेतीस, आईला.